वल्हे की पेडल? मासेमारीसाठी सिट-ऑन-टॉप कयाक निवडताना

गळाने मासे पकडण्यासाठी कयाक (एक-दोन माणसांची छोटी होडी) घ्यायची आणि तीही आत शिरून बसायची नव्हे, तर वर बसायची, म्हणजे सिट-ऑन-टॉप, एवढे ज्यांचे ठरले आहे, त्यांना पुढे एकच मोठा निर्णय घ्यायचा असतो: हाताने वल्हवायची कयाक घ्यावी की पायाने पेडल मारून चालणारी. दोन्हींवर उंच खुर्ची, रॉड होल्डर (गळाची काठी अडकवायची जागा) आणि मागे सामानाची मोकळी जागा असल्यामुळे फरक केवळ किमतीचा आहे, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात निर्णय ठरतो तो पाणी कसे आहे, वारा किती लागतो आणि कयाक उचलून पाण्यापर्यंत कोण नेणार आहे, यावर.

मूळ बांधणी दोन्हींची सारखीच असते. पॉलिएथिलीन या प्लॅस्टिकची एकसंध, बंद आणि पोकळ काया, आणि डेकवर आलेले पाणी खाली निघून जावे म्हणून आरपार ठेवलेली छिद्रे, ज्यांना स्कपर म्हणतात. आत बसायच्या कयाकमध्ये उलटल्यावर पाणी भरते आणि ते उपसावे लागते. इथे तो प्रश्न येत नाही, कयाक सरळ करून पुन्हा वर चढता येते. मासेमारीसाठी हा प्रकार लोकप्रिय होण्याचे मुख्य कारण हेच आहे, आणि ते दोन्ही पर्यायांना सारखेच लागू पडते.

खरा फरक मासा लागतो त्या क्षणी कळतो. वल्ह्याच्या कयाकमध्ये एका हाताने रॉड सावरत दुसऱ्या हाताने वल्हे मांडीवर आडवे ठेवावे लागते किंवा बाजूच्या पकडीत अडकवावे लागते. तेवढ्यात मासा ओढ घेतो, कयाकचे तोंड त्याच्या दिशेला वळते आणि तो जवळच्या झुडपाकडे किंवा बुडालेल्या खोडाकडे निघाला, तर कयाकही त्याच्यामागे जाते. अनुभवी माणूस वल्ह्याचा दांडा कोपराखाली दाबून एका हाताने एखादा फटकारा मारतो आणि कयाक कशीबशी मागे घेतो; परंतु हे सवयीने जमते, पहिल्याच दिवशी नव्हे. पेडलच्या कयाकमध्ये दोन्ही हात रॉड आणि रिळासाठी मोकळे असतात. प्रोपेलरची यंत्रणा असेल, तर पेडल उलटे फिरवले की कयाक लगेच मागे सरकते. होबी कंपनीने १९९७ मध्ये आणलेल्या मिराजड्राइव्हमध्ये प्रोपेलरऐवजी कायेखाली दोन पंख एकमेकांसमोरून हलतात. सुरुवातीला ही यंत्रणा फक्त पुढे जात असे, नंतरच्या ‘१८०’ आवृत्तीत दोरी ओढून पंख फिरवल्यावर मागेही जाता येऊ लागले. अडथळ्यांच्या कडेला मासेमारी करणाऱ्यांसाठी मागे जाण्याची ही सोय वेगापेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे.

वेगाबद्दल मात्र बऱ्याच अतिशयोक्त अपेक्षा असतात. अशा कायेची वेगमर्यादा पाण्यावर टेकलेल्या लांबीवर अवलंबून असते. ढोबळ हिशेबाने पाण्यावरील लांबी १० फूट असेल, तर ती ताशी पावणेआठ किलोमीटरच्या आसपास येते आणि १२ फूट असेल, तर साडेआठच्या आसपास. त्यापुढे कितीही जोर लावला, तरी बहुतेक श्रम लाटा उठवण्यात खर्च होतात. पेडलमुळे ही मर्यादा वाढत नाही. वाढते ती टिकून राहण्याची क्षमता, कारण मांड्यांचे स्नायू खांद्यांपेक्षा उशिरा थकतात. त्यामुळे आमिष मागे सोडून संथ, एकसारख्या गतीने लांबवर फिरायचे असेल, म्हणजे ट्रोलिंग करायचे असेल, तर पेडलला तोड नाही.

वाऱ्यातही पेडल सरस ठरते. मासेमारीची कयाक रुंद असते, खुर्ची उंच असते आणि माणूस शिडासारखा वारा धरतो. वल्ह्याने एकाच जागेवर टिकून राहायचे म्हटले, की कास्ट (गळ दूर फेकणे), दोन फटकारे, पुन्हा कास्ट, असा क्रम सुरू होतो आणि मासेमारीपेक्षा वल्हवण्यातच वेळ जातो. पेडलवर तोंड वाऱ्याकडे ठेवून हलके पाय मारत राहिले आणि हाताजवळच्या दांडीने सुकाणू सांभाळले, की कयाक बऱ्यापैकी जागेवर राहते. वल्हेवाल्यांचा उपाय म्हणजे नांगर. तो मात्र नेहमी पुढच्या किंवा मागच्या टोकाकडूनच सोडावा. वाहत्या पाण्यात मधल्या कडेला बांधलेला नांगर कयाक आडवी धरतो आणि उलटवू शकतो.

आता दुसरी बाजू. उथळ पाण्यात वल्ह्याची कयाक वीतभर पाण्यावरही सरकते, पेडलचा प्रोपेलर मात्र कायेखाली साधारण दीड फूट उतरलेला असतो. तळ लागला, की यंत्रणा वर घ्यावी लागते आणि पाणवनस्पती असतील, तर त्या पात्यांभोवती गुंडाळल्या जातात. पंखांची यंत्रणा इथे थोडी बरी. एक पेडल पूर्ण पुढे दाबले, की पंख कायेला चिकटून बसतात. तरीही दाट वनस्पतींच्या किंवा दगडाळ उथळ पाण्यात हे सतत करणे कंटाळवाणे होते, आणि अखेरीस पेडलवाल्यालाही वल्हे काढावेच लागते. गंमत अशी, की पेडलसाठी बांधलेली रुंद, जड काया वल्हवायला मुळीच चांगली नसते.

वजनाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. वल्ह्याची मासेमारी कयाक साधारण ३० ते ४० किलो भरते. पेडलची यंत्रणा, सुकाणू आणि खुर्चीसह ५० किलोच्या पुढे सहज जाते. गाडीच्या टपावर एकट्याने चढवायची असेल, तर हा फरक निर्णायक आहे. पाण्यापर्यंत वाट खडबडीत असेल, तर चाकांची गाडी लागते, पण तिचे खुंट स्कपरमध्ये घालून जड कयाक खड्ड्यांवरून ओढली, तर छिद्रांभोवती तडे जाऊ शकतात. पट्ट्यांनी तळाला आधार देणारी गाडी अधिक चांगली. उन्हात टपावर पट्टे फार घट्ट आवळले, तर पॉलिएथिलीनला पोचे पडतात, हेही लक्षात ठेवावे.

विकत घेण्यापूर्वी चाचणी घेताना रिकाम्या कयाकमध्ये शांत पाण्यावर फेरी मारून फारसे काही कळत नाही. नेहमीचे सर्व सामान लादावे; उत्पादकाने सांगितलेल्या कमाल भाराच्या ७० टक्क्यांच्या आत आपले वजन, सामान आणि पेडलची यंत्रणा बसते का, हे आधी पाहावे. उभे राहून कास्ट करायचे असेल, तर उभे राहूनच पाहावे. त्यानंतर सामान उतरवून, लाइफ जॅकेट घालून, सोबत कोणी असताना किनाऱ्याजवळ कयाक मुद्दाम उलटवावी. पेडलची रुंद कयाक उलटी पडली, की सरळ करणे अवघड जाते आणि यंत्रणा दोरीने बांधलेली नसेल, तर ती निसटून तळाशी जाऊ शकते. सरळ झाल्यावर मध्यभागी धरून पाय मारत पोटावर डेकवर यावे, मग वळून बसावे. हे एकट्याने जमत नसेल, तर ती कयाक आपल्यासाठी नाही. बाहेर आल्यावर मागचे बूच उघडून आत पाणी शिरले आहे का, तेही तपासावे.

माझे मत विचाराल, तर लहान, उथळ, वनस्पतींचे पाणी आणि एकट्याने ने-आण असेल, त्यांनी वल्ह्याचीच कयाक घ्यावी आणि उरलेले पैसे हलक्या वल्ह्यावर खर्च करावेत. उंच खुर्ची आणि रुंद काया असेल, तर २४० ते २६० सेंटिमीटर लांबीचे वल्हे लागते. मोकळे, खोल, वाऱ्याचे पाणी आणि लांब पल्ला असेल, त्यांनी पेडल घ्यावे, पण यंत्रणेची देखभाल आणि सुटे भाग यांची खात्री करून. काही मॉडेलमध्ये आज वल्हे आणि नंतर पेडल बसवण्याची सोय असते. हा मध्यममार्ग आकर्षक वाटतो. मात्र त्या कायेची रुंदी आणि वजन पेडलच्या हिशेबाने ठेवलेले असते, त्यामुळे पेडल न बसवता ती वर्षानुवर्षे वल्हवायची तयारी आहे का, हे चाचणीतच ठरवावे.