फिगेरेसचं दाली संग्रहालय: कुठे उभं राहायचं, किती लांबून बघायचं

दालीच्या प्रसिद्ध चित्रातली वितळणारी घड्याळं बघायला निघाला असाल, तर ते चित्र इथे नाही. ते १९३४ पासून न्यूयॉर्कला आहे आणि जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटरचं आहे. तरीही अतिवास्तववाद, म्हणजे स्वप्नातल्यासारखं जग रंगवणारी कला, डोळ्यांनी समजून घ्यायचा तर स्पेनमधल्या या संग्रहालयासारखी जागा नाही. यादवी युद्धात जळालेल्या नाट्यगृहात साल्वादोर दालीने ते स्वतः उभं केलं, १९७४ मध्ये उघडलं.

तिकीट ऑनलाइन काढा, सकाळची पहिली वेळ घ्या. आत शिरल्यावर अंगणातल्या कॅडिलॅक मोटारीपाशी न रेंगाळता आधी मे वेस्ट या अमेरिकन अभिनेत्रीचं दालन गाठा. खालून पाहिलं तर दोन चित्रं, एक शेकोटी आणि ओठांच्या आकाराचा सोफा, एवढंच दिसतं. जिना चढून भिंगातून पाहिलं की या सगळ्याचा मिळून मे वेस्टचा चेहरा होतो. मांडणी त्या एकाच बिंदूसाठी आहे, आणि तिथे एका वेळी एकच माणूस उभा राहतो. उशीर केला तर रांगेतच वेळ जातो.

मग घुमटाखालचं लिंकनचं चित्र. १८ मीटर हे अंतर त्याच्या नावातच आहे. जवळून समुद्राकडे पाहणारी पाठमोरी गाला, दालीची बायको, दिसते, कारण चित्र ज्या चौकोनांचं बनलंय त्यांच्या धारदार कडा नजर अडवतात. लांब गेलं की कडा विरतात, फक्त उजेड-अंधाराचे मोठे ठिपके उरतात आणि लिंकन दिसू लागतो. मागे सरकायला जागा नसेल तर डोळे बारीक करा, किंवा मोबाइलच्या पडद्यावर बघा.

बहुतेक लोक चुकतात ते लाल मखमली भिंतींच्या दालनात. तिथली लहान चित्रं झरझर बघून पुढे जातात. १९३४ चं एक चित्र तर १८ बाय १४ सेंटिमीटरचं: कुबड्यांवर तोललेली अजस्र आकृती, आणि उजव्या कोपऱ्यात खलाशी पोशाखातला नखाएवढा मुलगा. इथे मात्र नाक काचेजवळ न्यावं लागतं. ब्रशचा फटकारा शोधून सापडत नाही, एवढी सफाई आहे. त्याच दालनातली १९४५ ची पावाची टोपलीही तशीच सावकाश बघावी.

मोठी उणीव म्हणजे चित्रांखालची माहिती फारच त्रोटक आहे, ठरलेला क्रमही नाही. क्रम नसणं दालीला हवंच होतं, पण माहिती नसल्याने नवख्या माणसाचं नुकसान होतं. आधी थोडं वाचून जा, तीन तास हाताशी ठेवा.

बार्सिलोनाहून वेगवान गाडीने तासाभरात पोचता येतं, पण ते स्थानक गावाबाहेर आहे. उन्हाळा सोडून सोमवारी जायचं असेल तर आधी वेळापत्रक बघा.

दागिन्यांच्या दालनाला वेगळं दार आहे, तिकीट मात्र तेच चालतं. बाहेर पडून तसेच परत फिरू नका: तिथे माणकांचं एक हृदय आहे, आणि ते यंत्राने खरोखर धडधडतं.