शेजारच्या कुत्र्यासाठी गेलो होतो, शहापुरातल्या जनावरांच्या दवाखान्याचा अनुभव

कुत्रं आमचं नव्हे, शेजारच्या काकांचं. गळ्यात पट्टा आहे पण दिवसभर गल्लीत मोकळंच, अंगावरचे केस गेलेले, खाजवून खाजवून रक्त यायलेलं आणि पोरं शाळेला निघाली की अंगावर धावायचं. दोनदा सांगून बघितलं, काका नुसतं होय होय म्हणायचे. शेवटी म्हटलं काका तुम्ही फक्त चला, रिक्षा मी सांगतो.

डॉक्टर काकांवर अजिबात रागावले नाहीत, कन्नडमधनं निवांत सगळं समजावलं. कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघितली, खरूज निघाली, औषध दिलं, रेबीजची लस टोचली. नर आहे तर नसबंदी करा, भटकणं कमी होतंय म्हणाले, आणि म्हणून कायम साखळीला जखडून पण ठेवू नका, रोज फिरवायला पाहिजे, जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात ते पण क्रूरतेतच धरलंय. हे मला खरंच माहीत नव्हतं.

मला पण बजावलं, कुणाला चावलंच तर हळद-चुना लावत बसायचं नाही, जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा.

संध्याकाळी गर्दी असते, दीड तास बसलो, बाहेर गाडी लावायला जागा नाही. तरी पाचपैकी पाच. महिना झाला, केस परत यायलेत, काका सकाळी स्वतः फिरवायला नेतात, कुत्रं आता मला बघून शेपटी हलवतंय. नसबंदीची तारीख पुढच्या आठवड्यात आहे, मी बरोबर जाणार.