घुमट आरतीचं रेकॉर्डिंग: २४ बिट की ३२ बिट फ्लोट?

चवथीआधी (गणेशचतुर्थीआधी) रेकॉर्डर घ्यायचा असेल तर माझं मत आधीच सांगतो. घरोघरी फिरून घुमटाच्या (गोव्यातलं मातीचं चर्मवाद्य) तालावरच्या आरत्या रेकॉर्ड करणार असाल तर ३२ बिट फ्लोट घ्या, म्हणजे मर्यादेपलीकडे गेलेला आवाजही नंतर खाली आणता येईल असा साठवणारा रेकॉर्डर. एका खोलीत बसून पेटी, तबला आणि गाणं एवढंच करायचं असेल तर गेन (आत येणारा आवाज किती वाढवायचा ते) हाताने लावायचा २४ बिटचा रेकॉर्डर भरपूर झाला; उरलेले पैसे माइकवर घाला.

खरी अडचण घुमटाची आहे. साउंड चेकला वादक हात राखून वाजवतो. आरती रंगली, लय चढली, साथीचा शामेळ (ढोलाचा प्रकार) आणि कासाळं (झांजा) जोरात आली की तोच हात दुप्पट जोराने पडतो. शिवाय थाप क्षणभराची. मीटरचा काटा तिथवर पोचेपर्यंत आवाज फाटलेला असतो. म्हणून २४ बिटवर चेकच्या वेळी पीक, म्हणजे मीटरवरचं सर्वात वरचं टोक, उणे १८ डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास ठेवा, म्हणजे भर आरतीत ते उणे ६ च्या पुढे सहसा जात नाही. शून्य ही रेकॉर्डरची वरची मर्यादा; तिच्या वर गेलेलं सगळं कापलं जातं आणि ते परत मिळत नाही. लेव्हल कमी ठेवली की खरखर येते, ही भीती १६ बिटच्या दिवसांतली. तिथे सर्वात हळू ते सर्वात मोठ्या आवाजाचा आवाका साधारण ९६ डीबीचा होता. २४ बिटचा कागदोपत्री १४४. नंतर दहा डीबी वाढवले तरी खोलीतल्या पंख्याचा आवाजच आधी ऐकू येईल.

फ्लोटच्या बऱ्याच रेकॉर्डरमध्ये हळू आणि मोठ्या आवाजासाठी वेगवेगळे कन्व्हर्टर (माइकच्या सिग्नलचे आकडे करणारे भाग) असतात. त्यामुळे शून्याच्या वर गेलेली थापही घरी येऊन खाली ओढता येते. अनोळखी घरात, चेकला वेळ नसताना, हे फार मोलाचं आहे.

पण फ्लोट माइकला वाचवत नाही. घुमटाच्या उघड्या तोंडातून हवेचा झोत येतो. माइक त्याच्या समोर धरला तर कुठलाही रेकॉर्डर घ्या, आवाज बिघडणारच. हातभर लांब, थोडा तिरका ठेवा. मंडपातल्या मिक्सरवरून आवाज घेताना इनपुट ‘माइक’वर नाही, ‘लाइन’वर आहे ना ते बघा. मिक्सरमध्येच आवाज फाटत नाही ना तेही बघा, कारण तिथे फाटलेला आवाज फ्लोटमध्येही फाटलेलाच उतरतो.

दुकानात एक गोष्ट नक्की विचारा: फ्लोट रेकॉर्डरच्या आतच होतो ना? साध्या २४ बिट इंटरफेसला (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) कॉम्प्युटर जोडून सॉफ्टवेअरमध्ये ‘३२ बिट फ्लोट’ निवडलं, तर आत येतानाच कापला गेलेला आवाज सुधारत नाही.

कार्डाचं म्हणाल तर ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओला तासाला २४ बिटचे साधारण १.०४ जीबी विरुद्ध फ्लोटचे १.३८ जीबी, म्हणजे फरक किरकोळ. फ्लोटची फाइल मात्र मंडळाच्या ग्रुपवर टाकण्याआधी शून्याच्या खाली आणून एमपी३ करा, नाहीतर तीच थाप तिथे पुन्हा फाटेल.