जेसन पाठवायचा की तयार एचटीएमएल? सोसायटीच्या हिशेबापुरती तुलना

कोथरूड-बाणेरकडच्या दोनशे फ्लॅटच्या सोसायटीसाठी मेंटेनन्सचं वेब अ‍ॅप करायचंय, हाताशी दोनच डेव्हलपर आहेत. प्रश्न एवढाच, की सर्व्हरने जेसन (ठरावीक साच्यातला नुसता डेटा) द्यावा आणि पान रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीने ब्राउझरमध्ये रंगवावं, की सर्व्हरनेच एचटीएमएलचा (तयार पानाचा) तुकडा द्यावा आणि एचटीएमएक्स या लायब्ररीने तो जागेवर बसवावा? चालतं दोन्ही.

जेसनचं पारडं जिथे जड आहे ते आधी मान्य करू. वेब, अँड्रॉइड, गेटवरचा टॅब, सगळ्यांना एकच उत्तर पुरतं. बेसमेंट पार्किंगमध्ये रेंज नसताना गाडीची नोंद घ्यायची आणि नंतर पाठवायची असेल, तर डेटा ब्राउझरजवळ हवाच. तिथे वाद नाही.

घोडं पेंड खातं ते पुढे. खजिनदार बी-४०३ ची ३,५०० रुपयांची पावती नोंदवतात. पडद्यावर तीन गोष्टी बदलायला हव्यात: त्या ओळीत ‘बाकी’चं ‘जमा’, वरची एकूण थकबाकी आणि मेनूतला थकबाकीदारांचा आकडा. रिअ‍ॅक्टमध्ये हे तिन्ही बहुधा वेगवेगळ्या विनंत्यांतून आलेले असतात आणि ब्राउझरने प्रत्येकाची प्रत स्वतःजवळ ठेवलेली असते. पावती जतन झाल्यावर यातल्या कुठल्या प्रती शिळ्या झाल्या, हे कोडमध्ये आपणच सांगायचं. एखादी प्रत सांगायची राहिली, की ओळीत ‘जमा’ आणि वर थकबाकी जुनीच. रिफ्रेश केलं की सगळं बरोबर! म्हणून डेव्हलपरला ते दिसतच नाही. दिसतं कमिटी मीटिंगमध्ये, बँकेतून निवृत्त झालेले एखादे काका कॅल्क्युलेटर काढतात तेव्हा. आणि एकदा बेरीज चुकलेली दिसली, की पुढे बरोबर आकड्यालाही कोणी विचारत नाही.

एचटीएमएक्समध्ये पावती नोंदवणारं फंक्शन ट्रान्झॅक्शन कमिट झाल्यावर (नोंद डेटाबेसमध्ये पक्की झाल्यावर) तिन्ही तुकडे एकाच उत्तरात धाडतं: मुख्य ओळ, आणि बाकीचे दोन आपापल्या आयडीसह, ‘एचएक्स-स्वॅप-ओओबी’ (मुख्य जागेऐवजी त्याच आयडीच्या जागी बसव, असं सांगणारी खूण) लावून. तुकडा विसरणं इथेही शक्य आहे, पण मग शोधायचं त्याच टेम्प्लेटमध्ये (एचटीएमएलच्या साच्यात), चार फाइलींत नाही. मला विचाराल तर निवड इथेच झाली.

तारखांचं दुखणं त्यामानाने छोटं, पण खास आपल्याकडचं. जेसनमध्ये तारीख हा प्रकार नाही, ती स्ट्रिंग म्हणूनच जाते. नुसतं ‘२०२५-०४-०१’ आलं, तर जावास्क्रिप्ट ते यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) मध्यरात्र धरते. पुण्यात तेव्हा १ एप्रिलचे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, म्हणून चूक झाकली जाते. फ्लॅटमालक न्यू जर्सीत बसून पाहत असेल तर त्याला ३१ मार्च दिसतो, म्हणजे आर्थिक वर्षच बदललं. रकमेचंही तसंच: भाषा न सांगता आकडा छापला आणि फोन अमेरिकन इंग्रजीवर असला, की १,२५,००० चे १२५,००० होतात. सर्व्हरवरच छापून पाठवलं तर दोन्ही एकाच ठिकाणी मिटतं.

एचटीएमएक्सची बाजू निर्धोक आहे असं मात्र समजू नका. फॉर्म चुकला म्हणून सर्व्हरने ४२२ (‘पाठवलेली माहिती चुकीची’ असा उत्तराचा कोड) दिला, तर एचटीएमएक्स मुळात ते उत्तर पानात बसवतच नाही. बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, असं वाटतं. एचटीएमएक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘रिस्पॉन्सहँडलिंग’ या सेटिंगच्या यादीत ४२२ चा नियम ४०० आणि ५०० च्या मालिकांतल्या कोडच्या सरसकट नियमाआधी घाला, कारण पहिला जुळणारा नियम लागतो. सेशन (लॉगिनची मुदत) संपल्यावर ३०२ (‘दुसऱ्या पत्त्यावर जा’) देऊ नका. ब्राउझर परस्पर लॉगिनच्या पानावर जातो आणि अख्खा लॉगिन फॉर्म टेबलाच्या ओळीत येऊन बसतो. त्याऐवजी ४०१ (‘लॉगिन हवं’) सोबत ‘एचएक्स-रीडायरेक्ट’ हेडर (उत्तरासोबतची सूचना) द्या. ओओबीने टेबलाची ओळ पाठवायची तर ती ‘टेम्प्लेट’ टॅगमध्ये गुंडाळा, नाहीतर ब्राउझर ‘टीआर’ (ओळीचा टॅग) गाळून टाकतो. आणि एकाच पत्त्यावर कधी पूर्ण पान, कधी तुकडा देत असाल तर ‘व्हेरी: एचएक्स-रिक्वेस्ट’ हेडर लावायला विसरू नका, नाहीतर ब्राउझर जपून ठेवलेल्या प्रतींत गल्लत करतो आणि बॅक दाबल्यावर नुसता तुकडाच उघडा पडतो.

प्रत्येक क्लिकला सर्व्हरपर्यंत फेरा होतो, हा आक्षेप खरा आहे. सर्व्हर मुंबईत ठेवला तर पुण्यात तो सहसा जाणवत नाही; अमेरिकेत व्हर्जिनियात ठेवलात तर नक्की जाणवेल.

पुढे मोबाइल अ‍ॅप येणारच असेल, तरी कमिटीचं पान एचटीएमएलवर ठेवायला हरकत नसावी. अ‍ॅपला लागतील तेवढेच जेसन देणारे पत्ते वेगळे काढा, आतली हिशेबाची फंक्शन्स तीच वापरा, आणि रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून पाठवा: ३,५०० रुपये म्हणजे ३५००००.