दोघांच्या मध्ये काय उभं आहे? – काही महिने नव्या रोमान्स कादंबऱ्या वाचल्यानंतर

अलीकडच्या इंग्रजी रोमान्स कादंबऱ्यांबद्दल माझं मत आता पक्कं झालंय आणि ते एका प्रश्नात मावतं. या दोघांना एकत्र येण्यापासून अडवतंय काय? अडसर खरा असेल तर पुस्तक शेवटपर्यंत धरून ठेवतं. 'दोघं एकमेकांशी नीट बोलले नाहीत' एवढाच अडसर असेल, तर मुखपृष्ठ कितीही देखणं असो, मधली दीडशे पानं रेटावी लागतात.

आमची नाशिकच्या इंदिरानगरात मैत्रिणींची पुस्तक भिशी आहे. दर महिन्याला पैसे जमतात, जिची चिठ्ठी निघेल तिने पुस्तकं आणायची आणि मग ती सगळ्यांत फिरतात. गेल्या पावसाळ्यात माझी चिठ्ठी निघाली तेव्हा पुतणी सोबत होती. "काकू, या वेळी माझ्या पसंतीची घेऊन बघ ना," म्हणत तिने कॉलेज रोडवरच्या दुकानात माझ्या हातात रोमान्सचा गठ्ठाच ठेवला. तेव्हापासून मराठी वाचन 'सावाना'तून, म्हणजे आपल्या १८४० सालच्या सार्वजनिक वाचनालयातून, आणि रोमान्स भिशीतून किंवा ई-बुकवर, असं चाललंय. आता बरीच पुस्तकं झाली आहेत, त्यामुळे ठामपणे लिहिते.

आधी शेवटाबद्दल. भिशीत पहिल्याच बैठकीत प्रश्न आला, "शेवट गोडच होणार हे आधीच माहीत असतं, मग वाचायचं कशाला?" हे खरंच आहे. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेची व्याख्याच अशी आहे की कथेच्या केंद्रस्थानी प्रेमकथा हवी आणि शेवट समाधान देणारा, आशादायी हवा. पण रामनवमीच्या दिवसांत काळाराम मंदिरात कीर्तन ऐकायला बसणाऱ्यांना पुढे काय होणार हे ठाऊक नसतं का? तरी माणसं बसतात, डोळे पुसतात. शेवट ठाऊक असला की लक्ष 'कसं' याकडे जातं. आणि मला दिसलं ते असं की शेवटाची हमी असल्यामुळेच चांगली लेखिका मधल्या भागात फार अंधाऱ्या जागी जाऊ शकते. वाचक सोबत येतो, कारण बाहेर पडायची वाट आहे हे त्याला माहीत असतं.

याचं सर्वांत मोठं उदाहरण हेलन होआंग यांची 'द हार्ट प्रिन्सिपल' (२०२१). त्यांचं पहिलं पुस्तक 'द किस कोशंट' (२०१८) जास्त गाजलं. त्यातली स्टेला अर्थमितीतली, म्हणजे अर्थशास्त्रातल्या आकडेमोडीतली, हुशार बाई आहे, ऑटिस्टिक आहे, आणि पुस्तक हलकं, खेळकर आहे. 'द हार्ट प्रिन्सिपल' मात्र वेगळ्याच वजनाचं आहे. अ‍ॅना व्हायोलिन वाजवते. अचानक मिळालेल्या प्रसिद्धीनंतर तिला एकही रचना शेवटपर्यंत वाजवता येत नाही. चूक झाली असं वाटून ती परत परत पहिल्यापासून सुरू करते. क्वान कॅन्सरमधून बाहेर आलेला आहे आणि आपण आता पूर्वीसारखे राहिलो नाही ही सल त्याच्या मनात आहे. इथपर्यंत साधारण प्रेमकथा वाटते. मग अ‍ॅनाच्या वडिलांना पक्षाघाताचा झटका येतो, आणि पुस्तकाचा मोठा भाग त्या आजाऱ्याच्या खोलीत घडतो.

माझ्या सासूबाईंना अर्धांगवायू झाला होता. दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठीवर जखम होत नाही ना हे बघणं, चमच्याने पेज भरवताना ठसका लागला की जीव वरखाली होणं, हे मी केलंय. म्हणून सांगते, या कादंबरीत जे लिहिलंय ते बरोबर लिहिलंय. मोठी बहीण सगळ्यांना हुकूम सोडते, घरातले सगळे 'आपण सगळं केलं पाहिजे' म्हणतात, आणि आजारी माणसाला काय हवंय हे विचारायची कुणाची हिंमत नसते. अ‍ॅनाला दिसतं की वडिलांना हे नको आहे. ती बोलू शकत नाही, कारण लहानपणापासून 'नाही' म्हणायला ती शिकलेलीच नाही. आता बघा, इथेसुद्धा न बोलणंच आहे. पण ते न बोलणं तिच्या घडणीतून आलेलं आहे, कथा लांबवण्यासाठी चिकटवलेलं नाही. क्वान तिच्या आयुष्यात आला म्हणून खोलीतलं दुःख कमी होत नाही. तो दाराबाहेर थांबतो, तिला जेवायला घालतो, आणि तिला उभं राहायला बराच काळ लागतो हे लेखिका लपवत नाही. शेवट थोडा घाईत उरकलाय, हे मान्य. तरी सेवा करून थकलेल्या माणसाचा थकवा इतक्या आदराने लिहिलेला मी फार कमी ठिकाणी वाचलाय, आणि तोही ज्या प्रकाराला लोक 'टाइमपास' म्हणतात त्यात.

एमिली हेन्री यांची मी चार पुस्तकं वाचली आणि त्यांतलं 'फनी स्टोरी' (२०२४) मला सर्वांत जवळचं. डॅफ्नी लहान मुलांच्या विभागातली ग्रंथपाल. होणाऱ्या नवऱ्यासाठी ती मिशिगनमधल्या एका तळ्याकाठच्या गावी येऊन राहते. लग्न तोंडावर असताना तो आपल्या बालमैत्रिणीवर प्रेम असल्याचं सांगून मोकळा होतो. मग डॅफ्नी त्या बालमैत्रिणीच्या सोडलेल्या प्रियकराच्या, माइल्सच्या, घरात भाड्याने राहायला जाते. कथेची सुरुवात सिनेमासारखी जुळवलेली आहे, पण पुढचा प्रश्न अस्सल आहे. घर होणाऱ्या नवऱ्याचं, मित्र त्याचे, गाव त्याचं. तो गेल्यावर त्या गावात माझं काय उरलं? मी जळगावहून लग्न करून नाशिकला आले. पहिली काही वर्षं माझी सगळी ओळख 'अमक्यांची सून' एवढीच होती. डॅफ्नी स्वतःची मैत्रीण शोधते, वाचनालयातल्या मुलांच्या उपक्रमात जीव ओतते, हळूहळू ते गाव तिचं होतं. माइल्सवरचं प्रेम त्यानंतर जास्त पटतं, कारण आता ती नाइलाजाने तिथे राहत नसते. भिशीतल्या ज्या मैत्रिणींना रोमान्स अजिबात आवडत नाही त्यांनीही हे पुस्तक पूर्ण केलं.

'बीच रीड' (२०२०) त्याच्या खालोखाल. रोमान्स लिहिणारी जानेवारी (हे नायिकेचं नाव) आणि गंभीर कादंबऱ्या लिहिणारा गस शेजारी राहतात आणि एकमेकांचा प्रकार लिहून बघायची पैज लावतात. पण पुस्तकाचं खरं दुखणं तिच्या वडिलांचं आहे. ते गेल्यावर तिला कळतं की त्यांच्या आयुष्यात दुसरी बाई होती. ज्या संसाराकडे बघून ती प्रेमावर विश्वास ठेवायला शिकली, तो संसारच तसा नव्हता. आता ती प्रेमकथा लिहिणार कशी? याला म्हणतात अडसर! 'हॅपी प्लेस' (२०२३) मात्र मला ओढूनताणून वाटलं. तुटलेलं नातं आठवडाभर मित्रांपासून लपवायचं, हे तीसच्या आसपासच्या शिकल्यासवरल्या माणसांना शोभत नाही.

अली हेझलवूड यांच्याबद्दल मात्र पुतणीचं आणि माझं बिनसलं. 'द लव्ह हायपॉथेसिस' (२०२१) तिला तोंडपाठ आहे. लेखिका स्वतः मेंदूविज्ञानातल्या आहेत; पीएचडी करणाऱ्या ऑलिव्हची प्रयोगशाळा, निधीची चणचण, परिषदेतल्या भाषणाची धास्ती हे सगळं त्यांनी आतून लिहिलंय. एका प्रसंगात हार्वर्डचा एक संशोधक ऑलिव्हचा जो अपमान करतो आणि तिच्या कामाचं श्रेय नायक अ‍ॅडमशी असलेल्या तिच्या संबंधाला देतो, तो प्रसंग वाचताना माझी मूठ आवळली. नोकरीत आपल्यापैकी कितीजणींनी हे ऐकलंय! खरी अडचण ती होती. तो माणूस नायकाचा मित्र आणि सहकारी आहे, त्याच्याविरुद्ध बोलायचं कसं? पण हे येतं फार उशिरा. त्याआधी बरीच पानं कथा कशावर चालते, तर ऑलिव्हला दुसराच कुणी आवडतो असा अ‍ॅडमचा समज होतो आणि ती तो दूर करत नाही. एका वाक्यात सुटणारी गाठ. "काकू, तीच तर मजा आहे, आपल्याला माहीत असतं आणि त्यांना नसतं," असं पुतणीचं म्हणणं. तिच्या वयाला ती मजा असेल. मला त्या पानांवर लेखिकेच्या हुशारीचा अपव्यय दिसतो. शिवाय धिप्पाड, अबोल नायक आणि चणीने लहान नायिका ही जोडी त्यांच्या पुढच्या पुस्तकांतही येत राहते.

कोलीन हूव्हर यांच्या 'इट एंड्स विथ अस' (२०१६) बद्दल स्पष्ट लिहायलाच हवं, कारण दुकानात सगळ्यांत पुढे तेच असतं. (पुढच्या ओळींत शेवट उघड होतो.) लिलीने लहानपणी वडिलांना आईला मारताना पाहिलंय. रायल डॉक्टर, देखणा, जीव लावणारा. तो पहिल्यांदा हात उचलतो तेव्हा वाचणाऱ्यालाही वाटतं की चुकून झालं असेल. पुस्तकाची ताकद तीच. माफ करणारी बाई कशी माफ करते हे आपल्यालाच करायला लावून ते दाखवतं. लेखिकेने ते स्वतःच्या आईच्या आयुष्यावरून लिहिलंय. भिशीत एक मैत्रीण म्हणाली, "पण त्याने माफी मागितली होती ना गं?" त्यावर जी चर्चा झाली ती रात्री साडेदहापर्यंत चालली, आणि दोघींनी अशा गोष्टी सांगितल्या ज्या इतक्या वर्षांत कधी सांगितल्या नव्हत्या. पुस्तकाने हे घडवलं, त्याचा मान आहे. पण हा रोमान्स नव्हे. लिली शेवटी रायलपासून वेगळी होते आणि तेच योग्य आहे. फुलांचं गुलाबी मुखपृष्ठ बघून सोळा वर्षांची मुलगी हे गोड प्रेमकथा म्हणून उचलते, याचा मला राग येतो. २०२३ मध्ये याच पुस्तकावर रंगवायची वही काढायचं जाहीर झालं होतं आणि टीका झाल्यावर ते मागे घेतलं गेलं. विक्री करणारी माणसं पुस्तकाचा विषयच विसरली होती.

बाकीची भराभर सांगते. अ‍ॅबी हिमेनेझ यांच्या 'जस्ट फॉर द समर' (२०२४) मध्ये जस्टिनची आई तुरुंगात जाते आणि लहान भावंडांची जबाबदारी त्याच्यावर येते. एमा गावोगाव फिरून काम करणारी नर्स, आईच्या अस्थिरपणात वाढलेली. सुरुवात पोरकट, मध्य उत्तम. डेव्हिड निकल्स यांचं 'यू आर हिअर' (२०२४) चाळिशीच्या वाचकांनी जरूर घ्यावं. एकटी राहणारी मार्नी आणि बायकोपासून वेगळा झालेला भूगोलाचा शिक्षक मायकेल इंग्लंडच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जाणाऱ्या वाटेवर चालतात. पाऊस, दुखणारे पाय आणि बोलणं, बस. दोघांच्या मध्ये त्यांची मागची आयुष्यं आहेत, ती कुणी एका वाक्यात कशी दूर करणार? सोनाली देव यांची 'प्राइड, प्रेजुडिस अँड अदर फ्लेवर्स' (२०१९) आपल्याकडच्या वाचकाला वेगळीच ओढ लावते. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेलं राजे हे संस्थानिक घराणं, त्यातली न्यूरोसर्जन तृषा आणि शेफ असलेला डीजे. त्याच्या चित्रकार बहिणीच्या मेंदूत गाठ आहे. तृषा तिचा जीव वाचवू शकते, दृष्टी नाही. मोठ्या घरातल्या माणसाला आपण समोरच्याला तुच्छ लेखतोय हे कळतसुद्धा नाही, ते यात नेमकं टिपलंय.

आता पालकांसाठी. हल्ली या पुस्तकांची मुखपृष्ठं चित्रकथेसारखी असतात, सपाट रंग, हसरे चेहरे. त्यावरून आत काय आहे ते कळत नाही. होआंग आणि हेझलवूड यांच्यात शय्याप्रसंग सविस्तर आहेत, हेन्रींमध्ये आहेत पण बेताने. मला स्वतःला ते खटकत नाहीत, होआंग यांच्याकडे तर पात्रं एकमेकांना तिथेच ओळखतात. आपल्याकडे लेखक चंद्रकांत काकोडकरांना १९६२ च्या दिवाळी अंकातल्या 'श्यामा' या कथेसाठी अश्लीलतेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, १९६९ मध्ये ते निर्दोष सुटले. तेव्हा आरडाओरडा नको. पण कुणाच्या हातात काय जातंय हे घरात माहीत असावं.

प्रत घेताना रस्त्यावरची स्वस्त प्रत घेऊ नका. एका मैत्रिणीने आणलेल्या प्रतीत अक्षरं पुसट होती आणि एक फर्माच (एकत्र शिवलेला सोळा पानांचा गठ्ठा) दोनदा शिवलेला आणि त्याच्या जागची दुसरी सोळा पानं गायब. ई-बुक अनेकदा छापील प्रतीपेक्षा स्वस्त पडतं आणि अक्षर मोठं करता येतं, चाळिशी लागलेल्यांना ते सोयीचं.

एक इच्छा मात्र मनापासून आहे. हे सगळं मराठीत, आजच्या माणसांचं हवं. ना. सी. फडक्यांच्या वाचकांना प्रेमकथेची लाज वाटत नव्हती. सातपूरच्या कारखान्यात शिफ्ट करणारी मुलगी, द्राक्षबागेचं कर्ज डोक्यावर असलेला मुलगा, दोन घरांच्या जाती, आजारी आई, अशी कितीतरी खरी अडचण आपल्या आसपास पडली आहे. कुणी लिहिलं तर भिशीची पुढची सगळी वर्गणी त्या पुस्तकाला.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी 'फनी स्टोरी' घ्यावं. घरात कुणाचं आजारपण चालू असेल तर 'द हार्ट प्रिन्सिपल' आत्ता नको, थोड्या महिन्यांनी वाचा. 'इट एंड्स विथ अस' वाचणार असाल तर एकटीने वाचू नका, वाचून झाल्यावर बोलायला कुणीतरी असू द्या.