डॉगरिज की ११०-आर? द्राक्षबागेसाठी खुंट निवडताना

आपण थॉमसन जातीची द्राक्षं खातो, पण बहुतेक बागांत जमिनीखाली मुळं असतात ती अमेरिकेतल्या रानटी द्राक्षवेलींची. ज्या मुळांच्या वेलीवर आपली जात कलम करतात, ती म्हणजे खुंट; डॉगरिज आणि ११०-आर हे असेच दोन खुंट. डॉगरिज मूळचा टेक्सासचा, व्हिटिस चॅम्पिनी या रानवेलीतून निवडलेला. ११०-आर हा बर्लांडिएरी आणि रूपेस्ट्रिस या दोन रानजातींचा फ्रान्समध्ये केलेला संकर.

नाशिक-सांगलीकडे पाणी आटलं, विहिरी खारवट झाल्या, तेव्हा डॉगरिजने बागा तारल्या, हे मान्यच करावं लागेल. मुळांना लागणाऱ्या सूक्ष्म सूत्रकृमींनाही तो दाद देत नाही. पण त्याचा जोर फार. भारी काळ्या जमिनीत वेल नुसती पानांनी माजते, सावलीमुळे काडीत घड धरत नाहीत. ऑक्टोबर छाटणीनंतर काडीवरचे डोळे (कोंब) मागेपुढे फुटतात. एका काडीवर चार पानं आली तरी शेजारची अजून झोपलेलीच. मग डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), विरळणी, फवारणी सगळ्यांचंच वेळापत्रक बिघडतं. शिवाय खारवट पाण्यातलं सोडियम पानांत साठून पानांच्या कडा करपतात.

११०-आर मध्यम जोमाचा. फूट एकसारखी निघते आणि सोडियमही पानांत कमी चढतं. पाण्याचा ताण सोसण्यात तोही कच्चा नाही.

माझं मत विचाराल तर भारी जमिनीत ११०-आरच. हलकी, मुरमाड जमीन असेल तर डॉगरिजचा तोच जोर उपयोगी पडतो, तिथे त्याला मोडीत काढू नका. दोन्हींत कलम भरायच्या आधी माती-पाणी तपासून घ्याच. खुंट नंतर बदलता येत नाही.