रविवारचा फुकट साइन लँग्वेज क्लास (यवतमाळ जिल्हा): शिकवणं एक नंबर, बाप्तिस्म्याची घाई नको

तालुक्याच्या गावी एका प्रार्थनाघरात दर रविवारी मूकबधिर पोरांना साइन लँग्वेज शिकवतात, फी नाही, दुपारी वरणभात पण देतात. माझा लहान भाऊ जाते अन् मी त्याच्या सोबत, म्हणून लिहून राहिलो.

शिकवण्याला पाचपैकी पाच. शिकवणारा दादा स्वतः बहिरा आहे, सगळा फरक तिथंच पडते. शाळेत भावाला नुसतं ओठ पाहून बोल, बोल करत, अन् इथं शिकल्यापासून पोटात कुठं दुखते, कोणावर राग आला, सोयाबीनला काय भाव लागला हे सगळं तो हातानं सांगते. खेड्यात या पोट्ट्यांशी बोलणारं कोणीच नसते हो, म्हणून ते रविवारची वाट पाहतात. मिशनऱ्यांचं हे काम जुनं आहे, मुंबईत १८८५ च्या सुमारास बहिऱ्यांची शाळा बिशप म्युरिननंच काढली, ते श्रेय द्यायलाच पाहिजे.

आता तक्रार. क्लास झाला की बायबलमधल्या मार्कच्या ७ व्या अध्यायाचा व्हिडिओ लावतात, येशू बहिऱ्याच्या कानात बोटं घालते अन् त्याला ऐकू येते. एका लहान पोरानं स्वतःच्या कानाला हात लावून विचारलं, माझं केव्हा? पास्टरनं खूण केली, विश्वास ठेव. मला हे बिलकुल पटलं नाही. उद्या ऐकू नाही आलं तर आपलाच विश्वास कमी पडला असं ते पोरगं समजून बसंन, त्याचं काय?

अन् बाप्तिस्मा. राज्यघटनेच्या कलम २५ चा, आपला धर्म निवडायचा हक्क बहिऱ्यालाही आहे, भाऊ समजून उमजून ख्रिश्चन झाला तर मी आडवा येणार नाही. पण बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्यात घोषणा केली अन् दीक्षा घेतली १९५६ ला नागपुरात, इतका विचार केला. इथं पोट्ट्यांना लगेच नाव द्या म्हणतात. एससीचा माणूस ख्रिश्चन झाला तर १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानं त्याचा एससी दर्जा जाते, आदिवासींना ती अट नाही, दिव्यांगांचं ४ टक्के आरक्षण राहते, हे साइनमध्ये कोणीच समजावलं नाही. आमच्या बॅचमधले अर्धे पोट्टे नोकरीचे फॉर्म भरून राहिले!

भाषेसाठी पोराला जरूर पाठवा, पण घरचं कोणीतरी सोबत बसा. आयएसएलआरटीसी या सरकारी साइन लँग्वेज संस्थेची १०,००० शब्दांची साइन डिक्शनरी मोबाईलवर फुकट आहे, मायबापानं पण ती शिकावी.